सर्व्हरवर पायथन, नोड आणि एन्जिनएक्स: कमांड लाइनवरून, चुकीचा क्रम टाळून

सर्व्हर बसवताना कमांड क्वचितच चुकते, चुकतो तो क्रम. ॲप स्वतःच्या पायावर चालतं का हे न बघता वेब सर्व्हर बसवला जातो, वेब सर्व्हर उत्तर देतो का हे न बघता सर्टिफिकेट मागितलं जातं, आणि शेवटी ब्राउझरमध्ये '५०२' (वेब सर्व्हरला ॲपकडून उत्तर मिळालं नाही) झळकला की चार फायली एकदम उघडून बदल सुरू होतात. मग कोणत्या बदलाने काय झालं, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून इथे आतून बाहेर जायचं आहे. आधी भाषा, मग ॲप, मग ॲपला चालू ठेवणारी सेवा, मग वेब सर्व्हर (इथे एन्जिनएक्स), आणि डोमेन व सर्टिफिकेट अगदी शेवटी. प्रत्येक टप्प्याखाली एक तपासणी आहे. ती पास झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका.

सगळं उबुंटू २४.०४ च्या कोऱ्या सर्व्हरवर गृहीत धरलं आहे. डेबियन १२ वर जवळपास हेच चालतं. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, इंग्रजी अंकांत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे.

## ० : हात लावण्याआधी

पाच गोष्टी कागदावर लिहा: ॲपचं नाव, ते कोणत्या युझरच्या नावाने चालणार, कोणत्या फोल्डरमध्ये राहणार, आत कोणत्या पोर्टवर (जोडणीसाठीचा क्रमांक) ऐकणार आणि बाहेर कोणत्या डोमेनवर दिसणार. या लेखात ॲपचं आणि युझरचं नाव `वही`, फोल्डर `/एसआरव्ही/वही` आणि पोर्ट ८००० धरलं आहे. हीच नावं पुढे वेगवेगळ्या फायलींत येतात. एका ठिकाणी ८००० आणि दुसऱ्या ठिकाणी ८०८० लिहिलं गेलं की तासभर त्यातच जातो.

ॲप तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे त्यात परक्या युझरला शिरता येत नाही. एन्जिनएक्सचा युझर `डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा` हा परकाच. मग सीएसएस आणि चित्रांना '४०३' (परवानगी नाही) येतो, आणि त्यावर उपाय म्हणून लोक सगळ्यावर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, मारतात. फोल्डर सुरुवातीलाच `/एसआरव्ही` खाली केला तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

`फ्री -एच` चालवून मेमरी बघा. अर्धा जीबी मेमरीच्या सर्व्हरवर `एनपीएम` (नोडची पॅकेजेस बसवणारं साधन) चा मोठा बिल्ड मध्येच थांबतो आणि स्क्रीनवर फक्त 'किल्ड' एवढा एक शब्द दिसतो. तो ॲपमधला दोष नसतो. मेमरी संपल्यामुळे कर्नलने ती प्रोसेस मारलेली असते. अशा सर्व्हरवर आधी स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) तयार करा. `टाइमडेटसीटीएल` ने घड्याळही बघून घ्या. वेळ मागे असेल तर पुढे पॅकेजची यादी आणि सर्टिफिकेट दोन्ही अडतात, आणि त्यांच्या एरर वाचून घड्याळाची शंकाही येत नाही.

## १ : यादी ताजी करा, मग पॅकेजेस

`सुडो ॲप्ट अपडेट`, त्यानंतर `सुडो ॲप्ट अपग्रेड` (`सुडो` कमांडला रूटचे, म्हणजे सगळे अधिकार देतो; `ॲप्ट` पॅकेजेस बसवतो). पहिली कमांड फक्त यादी ताजी करते, काहीही बसवत नाही. ती न चालवता थेट `इन्स्टॉल` केलं की कोऱ्या सर्व्हरवर 'पॅकेज सापडलं नाही' असं उत्तर येतं आणि नाव चुकलं असावं असं वाटत राहतं.

सावध: नवा सर्व्हर सुरू झाल्यावर मागे आपोआप अपडेट चालू असतात. तेव्हा `डीपीकेजी` (ॲप्टच्या मागे पॅकेज बसवणारा प्रोग्राम) चा लॉक मिळत नाही असा निरोप येतो. काही मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अर्धवट बसलेलं पॅकेज त्यानंतर निस्तरत बसावं लागतं.

तपासा: `/व्हार/रन/रिबूट-रिक्वायर्ड` ही फाइल आहे का? असेल तर आत्ताच रिबूट करा. सगळं उभं राहिल्यावर करायचं ठरवलं तर ते महिनोन् महिने होत नाही.

## २ : युझर आणि दार

रूट म्हणून रोजचं काम करू नका. स्वतःसाठी `ॲडयुझर` ने वेगळा युझर काढा आणि त्याला सुडोच्या ग्रुपमध्ये घाला: `युझरमॉड -एजी सुडो नाव`, यातला 'जी' कॅपिटल. 'ए' विसरलात तर तो युझर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो.

ॲपसाठी दुसरा, लॉगिन नसलेला युझर हवा: `सुडो ॲडयुझर --सिस्टिम --ग्रुप वही`. मग `/एसआरव्ही/वही` तयार करून `सुडो चोन वही:वही /एसआरव्ही/वही` ने त्याची मालकी द्या. ॲपमध्ये उद्या भगदाड निघालं तर आत शिरणाऱ्याच्या हाती फक्त हा एक फोल्डर लागावा, यासाठी ही खटपट आहे.

फायरवॉलचा क्रम मात्र घोटून ठेवा. आधी `सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ एसएसएच` (एसएसएच म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची वाट), मगच `सुडो यूएफडब्ल्यू एनेबल`. उलट केलंत तर सुरू असलेली खिडकी कदाचित चालत राहील, पण ती बंद केली की परत आत येता येणार नाही. एसएसएच नेहमीच्या २२ ऐवजी दुसऱ्या पोर्टवर असेल तर नावाऐवजी तो आकडा द्या.

तपासा: आहे ती खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करा. जमलं तरच पहिली बंद करा. एसएसएच किंवा फायरवॉलला जेव्हा जेव्हा हात लावाल, तेव्हा हीच पद्धत.

बहुतेक क्लाउड सेवांची स्वतःची वेगळी फायरवॉलही असते आणि ती त्यांच्या पॅनलमध्ये उघडावी लागते. सर्व्हरवर सगळं बरोबर असूनही बाहेरून काहीच दिसत नसेल तर आधी तिकडे बघा.

## ३ : भाषा बसवणं

सगळ्यात जास्त नासधूस या टप्प्यावर होते.

पायथन. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आणि डेबियन १२ मध्ये ३.११ आधीच बसलेला असतो. तो तुमच्यासाठी नाही, सिस्टिमसाठी आहे; ॲप्टच्या अवतीभवतीची कितीतरी साधनं त्यावरच चालतात. नवीन आवृत्ती हवी म्हणून `/यूएसआर/बिन/पायथन३` ची लिंक दुसरीकडे वळवली की थोड्याच वेळात 'ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही' अशी एरर येऊ लागते. दुसरी आवृत्ती बसवायची तर शेजारी बसवा आणि तिच्या पूर्ण नावाने, म्हणजे `पायथन३.१३` असं, बोलवा. लिंकला हात लावू नका.

आता तुमच्या ॲपसाठी वेगळं वातावरण, म्हणजे व्हेन्व्ह:

`सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह`
`सुडो -यू वही पायथन३ -एम व्हेन्व्ह /एसआरव्ही/वही/एन्व्ह`

पहिली ओळ गाळली तर दुसरी ओळ 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही' म्हणून थांबते. डेबियन घराण्यात हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. यानंतर ॲपचा कोड `/एसआरव्ही/वही` मध्ये आणा, मालकी `वही` कडेच असल्याची खात्री करा आणि लागणारी पॅकेजेस अशी बसवा:

`सुडो -यू वही /एसआरव्ही/वही/एन्व्ह/बिन/पिप इन्स्टॉल -आर /एसआरव्ही/वही/रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी`

पिपचा (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) पूर्ण पत्ता दिला आहे, 'ॲक्टिव्हेट' कुठेच केलेलं नाही. ॲक्टिव्हेट मुख्यतः एवढंच करतं की चालू खिडकीतल्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तो फोल्डर सगळ्यांच्या पुढे आणून ठेवतं. खिडकी बदलली की ते गेलं, आणि मध्ये सुडो आला तर ते मोजलंच जात नाही. पूर्ण पत्ता कुठूनही तोच राहतो. सर्व्हरवर ही सवय लावून घ्याच.

सावध: `पिप` ने 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' असं सांगितलं तर तुम्ही सिस्टिमच्या पायथनमध्ये बसवायला निघाला आहात. त्याच एररमध्ये `--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस` हा पर्यायही सुचवलेला असतो आणि अनेकजण तो डोळे झाकून जोडतात. त्याचं नावच बजावतंय की सिस्टिम मोडेल. `सुडो पिप` चीही तीच गत. दोन्ही वेळी व्हेन्व्हकडे परत या.

बसवताना सी कंपायलर किंवा `पायथन.एच` सापडत नसल्याची तक्रार आली तर `बिल्ड-इसेन्शियल` आणि `पायथन३-डेव्ह` ही दोन पॅकेजेस ॲप्टने बसवा. व्हेन्व्हचा फोल्डर नंतर हलवू नका, त्याचं नावही बदलू नका. आतल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. जागा बदलायचीच असेल तर पुसून नवा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

नोड. उबुंटू २४.०४ च्या यादीतला नोड १८ आहे आणि त्याचा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला. सम आकड्यांच्या आवृत्त्यांना दीर्घकालीन आधार मिळतो, त्यातली सध्या चालू असलेली घ्या. `एनव्हीएम` (नोडच्या आवृत्त्या बदलणारं साधन) स्वतःच्या लॅपटॉपवर उत्तम. सर्व्हरवर मी ते टाळायला सांगेन, कारण ते नोडला तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवतं आणि पाथ `.बॅशआरसी` मधून लावतं. सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू करून चालू ठेवणारा सिस्टिमचा भाग, ती फाइल वाचत नाही. म्हणून हाताने चालणारं ॲप सेवा म्हणून चालवलं की 'नोड सापडला नाही' म्हणतं. नोडसोर्सची रेपॉझिटरी घ्या किंवा नोडचं अधिकृत पॅकेज उलगडून ठेवा, पण एकच मार्ग धरा.

पॅकेजेससाठी सर्व्हरवर `एनपीएम इन्स्टॉल` ऐवजी `एनपीएम सीआय` वापरा. ते लॉक फाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) लिहिलेल्याच आवृत्त्या बसवतं, आणि लॉक फाइल जुळत नसेल तर तिथेच थांबतं. असं थांबणं फायद्याचं आहे.

तपासा: `टाइप -ए नोड` आणि `टाइप -ए पायथन३`. एकाहून अधिक पत्ते आले तर सगळ्यात वरचा वापरला जातो. आवृत्ती नुकतीच बदलूनही जुनीच दिसत असेल तर `हॅश -आर` करा. शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो.

## ४ : ॲप हाताने चालवा

सेवा आणि वेब सर्व्हर यांचं नावही न काढता ॲप एकदा समोर चालवून बघायचं. `/एसआरव्ही/वही` मध्ये जाऊन (गुनिकॉर्न हा पायथन ॲप चालवणारा सर्व्हर):

`सुडो -यू वही /एसआरव्ही/वही/एन्व्ह/बिन/गुनिकॉर्न --बाइंड १२७.०.०.१:८००० वही:ॲप`

दुसऱ्या खिडकीतून `कर्ल -आय एचटीटीपी://१२७.०.०.१:८०००/` करा आणि उत्तराची पहिली ओळ वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर त्या पोर्टवर कोणीही ऐकत नाही. '५००' आलं तर ॲप चालू आहे पण आत कोसळतंय, त्याचं कारण पहिल्या खिडकीत छापलेलं असेल. जँगोने '४००' दिलं तर परवानगी असलेल्या होस्टच्या यादीत हा पत्ता नाही.

बाइंड करताना १२७.०.०.१ च द्या, ०.०.०.० नको. पहिल्याने ॲप फक्त सर्व्हरच्या आतून दिसतं, दुसऱ्याने सगळ्या जगाला. डॉकर वापरत असाल तर इथे जास्त जपा: डॉकरने बाहेर उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून खुलं राहतं. फ्लास्क आणि जँगोसोबत येणारे डेव्हलपमेंट सर्व्हर खऱ्या वापरासाठी नाहीत, ते इथे चालवू नका.

## ५ : सिस्टिमडीच्या हवाली

`स्क्रीन` किंवा `नोहप` मध्ये ॲप सोडून देणं म्हणजे पुढच्या रिबूटला ते बंद पडणं. `/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/वही.सर्व्हिस` ही फाइल तयार करा. 'सर्व्हिस' विभागात या ओळी हव्यात: `युझर`, `वर्किंगडिरेक्टरी`, `एक्झेकस्टार्ट` आणि `रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर`. 'इन्स्टॉल' विभागात `वाँटेडबाय=मल्टी-युझर.टार्गेट`. विभागांच्या आणि डावीकडच्या नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं आणि मध्ये जागा नसते.

एक्झेकस्टार्टमध्ये टप्पा ४ मधली कमांड जशीच्या तशी टाका, फक्त `सुडो -यू वही` वगळून. ही ओळ शेलमधून जात नाही. त्यामुळे `~` उलगडत नाही, आणि `&&` किंवा पाइपही चालत नाही. पासवर्ड आणि गुपितं वेगळ्या फाइलमध्ये ठेवून `एन्व्हायर्नमेंटफाइल` ने जोडा. त्या फाइलची परवानगी ६०० आणि मालक रूट असला तरी चालतं. तिच्यात `एक्स्पोर्ट` शब्द मात्र लिहायचा नाही, नुसतं नाव=किंमत.

मग `सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड` आणि `सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाउ वही`. फाइल बदलून डेमन-रीलोड विसरलात तर जुनीच फाइल चालत राहते. नुसतं `स्टार्ट` केलं तर आत्ता चालेल, रिबूटनंतर नाही.

अडलं तर `सिस्टिमसीटीएल स्टेटस वही` मधला आकडा बघा:

- २०३ : एक्झेकस्टार्टमधला पत्ता चुकला, किंवा ती फाइल चालवण्याची परवानगी नाही.
- २०० : वर्किंगडिरेक्टरीत शिरता येत नाही.
- २१७ : त्या नावाचा युझरच नाही.

यांतला आकडा नसेल तर बहुतेकदा दोष ॲपमध्येच असतो. `जर्नलसीटीएल -यू वही -एन ५०` मध्ये शेवटच्या पन्नास ओळी मिळतील. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' ही ओळ कारण नसते. लागोपाठ कोसळल्यामुळे सिस्टिमडीने हात टेकले, एवढाच तिचा अर्थ. खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत आहे.

तपासा: टप्पा ४ मधलाच कर्ल पुन्हा. उत्तर तेच आलं पाहिजे.

## ६ : एन्जिनएक्स

`सुडो ॲप्ट इन्स्टॉल एन्जिनएक्स`. बसताच ते सुरू होतं. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं तर पोर्ट ८० वर आधीच कोणीतरी आहे, बहुतेकदा अपाची. `सुडो एसएस -टीएलएनपी` नाव दाखवेल. दोघांपैकी एकच ठेवा.

एन्जिनएक्सच्या `साइट्स-अव्हेलेबल` फोल्डरमध्ये `वही` नावाची फाइल लिहा: `लिसन ८०`, `सर्व्हर_नेम` मध्ये डोमेन, आणि `लोकेशन /` च्या आत `प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:८०००;`. इथे 'लोकलहोस्ट' लिहू नका. त्या नावाचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ताही होतो, आणि ॲप तिथे ऐकत नसल्याने लॉगमध्ये नाहक एरर साचतात. सोबत होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तीन हेडर पाठवा. ते नसले तर ॲपला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो, आणि एचटीटीपीएस लावल्यावर काही ॲप स्वतःकडेच रीडायरेक्ट करत बसतात.

एका तिरक्या रेघेचा घोळ बघा. `लोकेशन /एपीआय/` खाली `प्रॉक्सी_पास` च्या पत्त्यात पोर्टनंतर काही नसेल तर ॲपला पूर्ण `/एपीआय/यादी` मिळतं. पोर्टनंतर एक `/` असेल तर `/एपीआय/` गळून फक्त `/यादी` पोचतं. ॲप उत्तम चालतंय पण एन्जिनएक्समधून '४०४' येतोय, असं असेल तर आधी ही रेघ बघा.

शेजारच्या `साइट्स-एनेबल्ड` मध्ये या फाइलची लिंक करताना पूर्ण पत्ता द्या; अर्धवट पत्त्याची लिंक तुटकी निघते. `डीफॉल्ट` ची लिंक काढून टाका. आता `सुडो एन्जिनएक्स -टी`, आणि ते 'सक्सेसफुल' म्हणालं तरच `सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एन्जिनएक्स`.

सावध: इथे रीस्टार्ट वापरू नका. फाइलमध्ये चूक असताना रीलोड केलं तर जुनी मांडणी चालत राहते. रीस्टार्ट केलं तर सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट झोपू शकतात.

तपासा: `कर्ल -आय -एच "होस्ट: तुमचं-डोमेन" एचटीटीपी://१२७.०.०.१/`, यातला 'एच' कॅपिटल. डोमेन अजून जोडलेलं नसतानाही पूर्ण साखळी तपासली जाते. '५०२' आलं तर `/व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग` ची शेवटची ओळ वाचा. कंसात १११ असेल तर ॲप बंद आहे किंवा पोर्ट जुळत नाही. १३ असेल तर परवानगीचा प्रश्न. रेड हॅट घराण्यात १३ दिसला तर बहुतेकदा एसईलिनक्स (तिथली जादा सुरक्षा-व्यवस्था) आडवं आलेलं असतं आणि `सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १` (यातला 'पी' कॅपिटल) ने सुटतं. उत्तर '५०४' असून लॉगमध्ये ११० असेल तर ॲपने एन्जिनएक्सच्या ठरलेल्या ६० सेकंदांत उत्तर दिलं नाही. फाइल अपलोडला '४१३' आला तर `क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ` वाढवा, मुळात ती फक्त १ एमबी असते.

'४०३' साठी `नेमआय -एल` ला फाइलचा पूर्ण पत्ता द्या. मुळापासून प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते, आणि कुठे अडलं ते लगेच कळतं.

## ७ : डोमेन आणि सर्टिफिकेट

`यूएफडब्ल्यू अलाऊ एचटीटीपी` आणि `यूएफडब्ल्यू अलाऊ एचटीटीपीएस`. डोमेनचा 'ए' रेकॉर्ड सर्व्हरच्या पत्त्यावर वळवा आणि `डिग +शॉर्ट तुमचं-डोमेन` ने खात्री करा. जुना 'एएएए' (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड शिल्लक आहे का तेही बघा. सर्टिफिकेट देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ ला प्राधान्य देते, त्यामुळे तुमच्या ब्राउझरमध्ये साइट उघडत असूनही पडताळणी दुसऱ्याच सर्व्हरवर जाऊन आपटते.

`सर्टबॉट` (सर्टिफिकेट मिळवून बसवणारं साधन) आणि `पायथन३-सर्टबॉट-एन्जिनएक्स` बसवा. पहिली फेरी कोरडी: `सुडो सर्टबॉट सर्टओन्ली --एन्जिनएक्स --ड्राय-रन -डी तुमचं-डोमेन`. ती पास झाली की खरी: `सुडो सर्टबॉट --एन्जिनएक्स -डी तुमचं-डोमेन`. थेट खऱ्यावर प्रयत्न करत राहिलात तर मर्यादा आड येते. त्याच नावांच्या संचाला सात दिवसांत पाचच सर्टिफिकेट मिळतात, आणि फसलेल्या पडताळण्यांनाही तासाचा वेगळा कोटा आहे.

सावध: एचटीटीपीएस चालू झालं म्हणून पोर्ट ८० बंद करू नका. ९० दिवसांचं हे सर्टिफिकेट आपोआप नवं होतं ते त्याच पोर्टवरून.

तपासा: `सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन`, आणि `सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स` मध्ये सर्टबॉटचं नाव.

## ८ : रिबूट

आता मुद्दाम `सुडो रिबूट` करा. परत आल्यावर काहीही हाताने सुरू न करता `सिस्टिमसीटीएल --फेल्ड` बघा आणि दुसऱ्या मशीनवरून साइट उघडा. एन्जिनएक्स उभं असून ॲप नसेल तर `एनेबल` राहून गेलं. ॲप काही क्षण कोसळून मग उठलं असेल तर ते डेटाबेसच्या आधी सुरू झालं: फाइलच्या 'युनिट' विभागात `आफ्टर=` ला डेटाबेसच्या सेवेचं नाव द्या, डेमन-रीलोड करा आणि पुन्हा एकदा रिबूट करून बघा.